हरणाऱ्यांसाठी वर्गणी

गणपतीच्या आधी महिनाभर आमच्या आळीतली आम्ही चार-पाच पोरं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरायचो. त्यात सगळ्यात मागे उभा राहणारा मी. दार उघडलं की पुढचा म्हणायचा, "काका, वर्गणी." काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गेल्या वर्षीचा हिशेब कुठाय?" हिशेब असायचा, पण तो खजिनदाराच्या घरी, कपाटावर. मग काका एकावन्नऐवजी एकवीस काढायचे, आणि ते हातात ठेवताना मागच्या वर्षीच्या मांडवापासून स्पीकरच्या आवाजापर्यंत सगळ्याचा उद्धार करायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खूप उशिरा लक्षात आलं की कुरकुर करणारे ते काका दर वर्षी देत होते, आणि "वा वा, छान उपक्रम" म्हणणारे शेजारचे गृहस्थ दर वर्षी "उद्या या" म्हणत होते.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. आठवलं ते हिरोशिमात, बेसबॉलच्या मैदानावर.

२०१८ साली कंपनीच्या कामानिमित्त मी आठ महिने तिथे होतो. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू एवढा लांब मारला तरी 'फाउल' म्हणून परत उभं करतात, हे पाहून क्रिकेटवर पोसलेल्या माझ्या जिवाची तडफड व्हायची. ऑफिसातले साठीला टेकलेले एक सहकारी एका संध्याकाळी मला ओढूनच सामन्याला घेऊन गेले. रेल्वे स्टेशनापासून चालत जाता येतं असं ते मैदान. जिकडे पाहावं तिकडे लाल: टोप्या लाल, सदरे लाल, आजीबाईंच्या गळ्यातले टॉवेलही लाल. घरच्या संघाची फलंदाजी आली की प्रेक्षकांतले निम्मे उठायचे आणि निम्मे बसायचे, मग उलट. शाळेत शिक्षा म्हणून काढलेल्या उठाबशा इथे लोक तिकीट काढून काढत होते.

संघाचं नाव हिरोशिमा तोयो कार्प. कार्प म्हणजे मासा, आपल्या रोहू-कटलाच्या कुळातला. आमचे सहकारी मैदानाकडे बघत सहज म्हणाले, "या संघासाठी माझ्या आईनेही पैसे दिलेत. शाळेत होती तेव्हा. दहा येन. पिंपात टाकले होते."

मला वाटलं, माझं जपानी कच्चं म्हणून चुकीचं ऐकलं. पण त्यांनी हाताने आकारही दाखवला. पिंपच.

पुढचे कित्येक रविवार मी त्या पिंपाच्या मागे घालवले.

हिरोशिमाविषयी आपल्याकडे काही लिहायचं झालं की 'राखेतून भरारी' हे शब्द हजर होतात. मला त्या शब्दांचा कंटाळा आहे. भरारीत सगळं कसं सुरेख, वरवर जाणारं असतं. कार्प संघाची पहिली काही वर्षं पाहिली तर त्यात थकलेले पगार दिसतात, न आलेला निधी दिसतो, बैठका, उधारी, आणि पराभवांची न संपणारी रांग. उडणं सोडा, नुसतं जमिनीवर उभं राहण्याची मारामार.

सुरुवात १९४९ ची. त्या वर्षी जपानचं व्यावसायिक बेसबॉल दोन लीगमध्ये फुटलं आणि एकदम नव्या संघांसाठी जागा झाली. जपानमध्ये व्यावसायिक संघ म्हणजे कुठल्या तरी कंपनीचं अपत्य. कुणाच्या मागे वर्तमानपत्र, कुणाच्या मागे रेल्वे, कुणाच्या मागे सिनेमा कंपनी. खेळात तोटा झाला तर तो जाहिरातीच्या खात्यात टाकायचा. हिरोशिमाच्या संघामागे असं कुणीच नव्हतं. प्रांताने, शहराने आणि आसपासच्या नगरपालिकांनी भांडवल घालायचं, असं ठरलं. सरकारी पैसा 'ठरणं' आणि 'येणं' यांत किती अंतर असतं हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आणि शहर कुठलं? १९४५ च्या अखेरीपर्यंत जिथे अंदाजे १ लाख ४० हजार माणसं मेली, ते. चार वर्षंच झाली होती. बेसबॉलचा संघ काढावा असं तेव्हा कुणाला का वाटलं असेल, असा प्रश्न मला पडला होता. पण हिरोशिमाला या खेळाचं वेड जुनं. तिथल्या शाळांचे संघ युद्धाआधीपासून देशपातळीवर गाजलेले. संघाचे पहिले व्यवस्थापक शुइची इशिमोतो हे त्याच मातीतले. हिरोशिमाच्या व्यापारी शाळेला त्यांनी अखिल जपान शालेय स्पर्धा जिंकून दिल्या होत्या आणि नंतर ओसाकाच्या व्यावसायिक संघालाही विजेतेपदं मिळवून दिली होती. तेव्हा हा वेडेपणा असला तरी नवखेपणा नव्हता.

नावाची गोष्टही मजेची. रेनबो, पिजन, ब्लॅक बेअर अशी नावं विचारात होती. शेवटी ठरलं 'कार्प', कारण ओता नदीतले मासे प्रसिद्ध, आणि हिरोशिमाच्या किल्ल्याचं जुनं टोपणनाव 'कार्पचा किल्ला'. तो किल्ला बॉम्बने जमीनदोस्त केलेला होता, तो पुन्हा बांधला गेला १९५८ मध्ये. म्हणजे नाव ठेवलं तेव्हा किल्लाच नव्हता. आधी 'कार्प्स' असं अनेकवचन केलं होतं, मग इंग्रजी जाणणाऱ्या कुणीतरी लक्षात आणून दिलं की या माशाचं अनेकवचनही कार्पच. पहिली दुरुस्ती व्याकरणाची. बाकीच्या दुरुस्त्यांना पंचवीस वर्षं लागली.

१९५० चा पहिला हंगाम: ४१ विजय, ९६ पराभव, १ बरोबरी. आठ संघांत आठवा. पहिला आला शोचिकू रॉबिन्स, सिनेमा कंपनीचा संघ, ९८ विजय मिळवून. पहिल्या आणि शेवटच्यातलं अंतर मोजायची बेसबॉलची एक पद्धत आहे, त्या हिशेबाने कार्प ५९ सामने मागे. आकडा लक्षात ठेवा, आणि शोचिकूचं नावही. दोन्ही पुढे लागणार आहेत.

बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, नावावर लागतो. त्या ४१ विजयांतले १५ एका माणसाचे. र्‍योहेई हासेगावा. उंची जेमतेम १६७ सेंटिमीटर, म्हणजे पिचरच्या मानाने बुटकाच. चाचणी देऊन संघात आलेला. त्याच हंगामात त्याच्या नावावर २७ पराभवही लागले. एका वर्षात २७ वेळा हरायचं तर त्याआधी २७ वेळा तुमच्या हातात चेंडू द्यावा लागतो, इतका विश्वास किंवा इतकी अडचण असावी लागते. इथे दोन्ही होतं. हासेगावाने अख्खी कारकीर्द कार्पमध्ये काढली. शेवटचा हिशेब १९७ विजय, २०८ पराभव. त्याला 'छोटा थोर पिचर' म्हणत. मला त्या दोन आकड्यांपैकी दुसरा जास्त आवडतो.

आता पैशांचं. त्या काळी सामन्याच्या तिकिटांचा गल्ला घरच्या संघाला मिळत नसे. जिंकणाऱ्याला सात हिस्से, हरणाऱ्याला तीन. म्हणजे हरलात की पैसे कमी, पैसे कमी की चांगले खेळाडू परवडत नाहीत, आणि चांगले खेळाडू नाहीत म्हणून पुन्हा हार. या रहाटगाडग्यातून सुटायची वाटच नाही. खेळाडूंचे प्रवास आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून, झोपणं वर्तमानपत्रं अंथरून डब्याच्या जमिनीवर, आणि दुसऱ्या दिवशी सामना. १९५१ च्या सुरुवातीला तर पगारच थकले.

मार्च १९५१ मध्ये संघाच्या संचालकांनी हात टेकले. तोडगा असा निघाला की कार्प दुसऱ्या एका संघात विलीन करायचा. तो संघ कुठला? शिमोनोसेकीचा, समुद्री मासेमारी करणाऱ्या कंपनीचा, नाव तायो व्हेल्स. देवमासा आता कार्पला गिळणार होता. मात्स्यन्याय आपण पुस्तकात वाचतो, इथे तो चक्क बैठकीच्या इतिवृत्तात आला.

बातमी रेडिओवर गेली आणि शहर खवळलं. लोक येऊन थडकले, आणि इशिमोतोंनी पवित्रा बदलला. संघ विकायचा नाही, लोकांकडे मागायचं. यानंतर हा माणूस जे करत सुटला ते मला थक्क करतं. सामने चालू असताना संघ उपव्यवस्थापक कात्सुमी शिराइशींच्या हवाली करून स्वतः गावोगाव सभा घ्यायच्या. शाळा, कारखाने, जिथे चार माणसं जमतील तिथे बोलायचं, मदत मंडळं उभी करायची, वर्तमानपत्रातून आवाहन करायचं. शिराइशी हिरोशिमाचेच, पण जपानच्या सर्वांत श्रीमंत आणि यशस्वी अशा तोक्योच्या जायंट्स संघातले नावाजलेले शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मधले क्षेत्ररक्षक. तो संघ सोडून या कंगाल संघात आलेले. प्रशिक्षक वर्गणीला गेलाय आणि संघ मैदानात हरतोय, असं चित्र मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेलं नाही.

आणि मग ते पिंप. साके ठेवायचं मोठं लाकडी पिंप, भोवती पेंढ्याची चटई गुंडाळलेली, लग्नकार्यात किंवा देवळात असतं तसं. ते मैदानाच्या दाराशी ठेवलं. आत जाताना टाका काय टाकायचं ते. जपानी भाषेत याला 'तारू बोकिन' म्हणतात, म्हणजे पिंपातली वर्गणी. पावती नाही, नाव नाही, "गेल्या वर्षीचा हिशेब कुठाय" नाही. शिवाय तिकीट काढलेलंच आहे, त्यावर हे वेगळं.

आधी पोटोबा मग विठोबा, ही आपली म्हण. इथे पोटोबाचीच चणचण होती आणि लोक विठोबाच्या पेटीत टाकत होते. सहकाऱ्यांच्या आईला त्या दहा येनांवरून घरी बोलणी खावी लागली होती म्हणे. सोय-सॉस आणायला दिलेले पैसे होते ते. "मग सोय-सॉस?" मी विचारलं. "नाही आणला," ते म्हणाले, "आणि त्या दिवशी कार्पही हरला. आजीने दोन्ही गोष्टी वर्षभर ऐकवल्या."

संघ वाचला. त्या वर्षी ३२ विजय, ६४ पराभव, पुन्हा तळाला. पण आपल्या नावाने.

वाचला म्हणतो तोवर १९५२ उजाडलं आणि नवं संकट आलं. लीगमध्ये आता सात संघ होते. सात हा आकडा वेळापत्रकाला नेहमीच अडचणीचा, कारण कुणीतरी एक घरी बसून राहतो. तेव्हा नियम आला की ज्याची विजयाची टक्केवारी तीसच्या खाली जाईल त्याने गाशा गुंडाळायचा. नियम सगळ्यांसाठी होता, पण कुणासाठी केलाय हे सगळ्यांना कळत होतं. लग्नाला बोलावून पंगतीत पान मांडायचं नाही, त्यातला प्रकार.

त्या वर्षी कार्पने ३७ सामने जिंकले, ८० हरले, ३ बरोबरीत सोडवले. टक्केवारी ३१.६. सातांत सहावा. आजवर मी पाहिलेल्या आकड्यांत इतका भिकार आणि इतका देखणा आकडा दुसरा नाही.

सातवा कोण आला? ३४ विजय, ८४ पराभव, टक्केवारी २८.८. शोचिकू रॉबिन्स. दोनच वर्षांपूर्वी ५९ सामने पुढे असलेला विजेता. कार्पसाठी खणलेल्या खड्ड्यात विजेताच पडला. नियमाप्रमाणे त्याचं विलीनीकरण झालं, आणि तेही कुणात? तायो व्हेल्समध्ये. देवमाशाला रोहू नाही मिळाला, रॉबिन पक्षी मिळाला. कादंबरीत कुणी असं लिहिलं असतं तर मी पुस्तक मिटून ठेवलं असतं, इतकं हे जुळवल्यासारखं वाटतं.

याच्यावर आणखी एक. १९५० च्या त्या विजेत्या संघाचा सगळ्यात मोठा फलंदाज होता माकोतो कोझुरू. त्या हंगामात त्याने ५१ होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचे फटके, मारले आणि त्याच्या फटक्यांवर १६१ धावा आल्या. एका हंगामातला हा धावांचा विक्रम जपानमध्ये अजून कुणी मोडलेला नाही. संघ बुडाल्यावर १९५३ मध्ये हा कोझुरू आला कार्पमध्ये, आणि त्याला आणायला पैसे जमवले पुन्हा लोकांनीच. त्याच वर्षी अमेरिकेहून झेनिमुरा बंधू आले. हिरोशिमा प्रांतातून हवाई आणि कॅलिफोर्नियाला पिढ्यानपिढ्या माणसं गेलेली. या भावांचे वडील केनिची झेनिमुरा मूळ हिरोशिमाचे. युद्धकाळात अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या गिला रिव्हर छावणीत या गृहस्थांनी बेसबॉलचं मैदान तयार केलं होतं. बापाने तारांच्या कुंपणाशी मैदान उभारलं, आणि मुलं खेळायला आली ती बापाच्या उद्ध्वस्त गावी. यावर लांबलचक लिहिण्याचा मोह होतोय, पण तो वेगळा लेख होईल.

पिंपाने सगळे प्रश्न सुटले असंही नाही. लोकवर्गणीने संघ जगतो, पोसला जात नाही. १९५५ च्या अखेरीस कर्जात बुडालेली जुनी कंपनी गुंडाळावी लागली आणि शहरातल्या उद्योगपतींनी नवी काढली. १९५७ मध्ये शहरातल्या दहा कंपन्यांच्या देणगीतून दिव्यांच्या प्रकाशात खेळता येईल असं मैदान बांधलं गेलं, ट्रामच्या रस्त्याच्या एका बाजूला मैदान, दुसऱ्या बाजूला अणुबॉम्बच्या स्फोटात सांगाडा उरलेला तो घुमट. नव्या मैदानावरचा रात्रीचा पहिलाच सामना कार्प दणकून हरला. मी गेलो तेव्हा तिथे मोकळं पटांगण होतं. ट्राम मात्र तीच, त्याच वळणावर घंटी वाजवणारी. बॉम्ब पडल्यानंतर तिसऱ्याच दिवशी या शहरातली ट्राम थोड्या अंतरापुरती का होईना पुन्हा सुरू झाली होती.

पुढे तोयो कोग्यो (आताची माझदा) या मोटार कंपनीचा मोठा हिस्सा आला, नावात 'तोयो' आलं. पहिल्या तिघांत यायला १९६८ साल उजाडलं. तोवर जपानभर विनोद होता की कार्पचा जोर मे महिन्यात मुलांच्या सणाला लावतात त्या कार्प माशांच्या पताका उतरेपर्यंतच. लीगचं पहिलं विजेतेपद १९७५ मध्ये, तेही तोक्योत, जायंट्सच्या मैदानावर. टोप्या लाल झाल्या त्या याच वर्षी, जो लुट्झ या अमेरिकी व्यवस्थापकामुळे. हा माणूस पंचांशी झालेल्या वादावरून महिन्याभरातच राजीनामा देऊन निघून गेला, लाल रंग तेवढा मागे राहिला. विजयाच्या मिरवणुकीत काही जण आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो छातीशी धरून उभे होते म्हणतात. त्यांच्याबद्दल मला काही सुचत नाही, आणि सुचू नये असंच वाटतं.

मला विचाराल तर १९७५ नव्हे, १९५२ हे खरं वर्ष. जिंकणाऱ्यासाठी पैसे टाकणं सोपं असतं, त्यात आपलाही वाटा असल्यासारखं वाटतं. १९५१-५२ मध्ये पिंपात पैसे टाकणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की बदल्यात आजही हारच मिळणार. त्यांना विजय विकत घ्यायचा नव्हताच. ज्या शहराच्या नकाशावरची निम्मी नावं पुसली गेली होती, तिथल्या लोकांना आणखी एक नाव पुसू द्यायचं नव्हतं, बहुतेक. हा माझा अंदाज. पिंपात दहा येन टाकणाऱ्या सहकाऱ्यांच्या आई मी तिथे होतो तेव्हा हयात होत्या. त्यांनी लेकाला कारण सांगितलं होतं ते अगदीच साधं: "सगळे टाकत होते. मी एकटीच कशी तशीच आत जाणार?" आमच्या आळीतल्या काकांनीही हेच सांगितलं असतं.

त्या संध्याकाळी मैदानावर समोरचा संघ योकोहामाचा होता, निळ्या कपड्यांतला. सातव्या डावात कार्पची पाळी यायच्या आधी हजारो फुगे शिट्ट्या मारत वर गेले, आणि ते खाली येऊन पडत असताना सहकाऱ्यांनी निळ्यांकडे बोट दाखवलं. म्हणाले, "हाच तो. देवमासा." शिमोनोसेकीचा तो संघ मजल दरमजल करत योकोहामाला पोचला, नावं बदलली, मालक बदलले. पोटात अजून रॉबिन्स आहेत. कार्प मात्र हिरोशिमातच, त्याच नावाने.

सामना कार्प हरला. स्टेशनकडे जाणाऱ्या लाल गर्दीत चालता चालता त्यांनी आईला फोन लावला आणि स्कोअर सांगितला. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत राहिलं, हे नुसते "हं, हं" करत होते. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या?

"पिचर दोन डाव आधीच बदलायला हवा होता म्हणते."